आज खडू, उद्या कात्री

जवळा बाजारच्या बसथांब्यासमोर, संतरामच्या बी-बियाण्यांच्या दुकानाला भिंतीला भिंत लावून, खाजा मियांचं शिवणकामाचं दुकान आहे. दुकान म्हणजे दहा बाय दहाची पत्र्याची खोली, एक पायमशीन, एक कटिंगचं टेबल आणि भिंतीला ओळीनं ठोकलेल्या सात खुंट्या. या खुंट्यांवरून खाजा मियांची जेवढी टिंगल झाली, तेवढी गावात दुसऱ्या कुणाची कशावरूनच झाली नसेल. कारण आपण कापड दिलं, माप दिलं, की ते कापड आधी खुंटीवर जायचं. ते पाण्यातून काढून वाळवायचं, टेबलावर पसरून खडूनं आखायचं आणि घडी न मोडता उचलून खुंटीला अडकवायचं. कात्री लागायची दुसऱ्या दिवशी सकाळी, दुकान झाडून झाल्यावर, सगळ्या रेघा पुन्हा एकदा नजरेखालून घातल्यावर.

घाईचं गिऱ्हाईक चिडायचं. "काहून हो मास्टर, कापड हाय का लोणचं? मुरवत ठेवून राहिले ते!"

खाजा मिया दातात धरलेली टाचणी काढून सांगायचे, "आज खडू, उद्या कात्री. मधल्या येळात माणसाला आठवतं, भाऊ. की तुमचा डावा खांदा जरा उतरता हाय, की तुमाला खिशात तंबाखूची डबी ठेवायची हाय. खडू झटकला की गेला. कात्री झटकता येते का?"

गिऱ्हाईक पुटपुटत जायचं आणि पुढच्या वेळी पुन्हा त्यांच्याकडेच यायचं, कारण खाजा मियांच्या हातचा सदरा काखेत कधी काचत नाही.

ही सवय काही आभाळातून पडली नव्हती. ऐन विशीत, वडील शेजारी बसलेले असताना, त्यांनी एका नवरदेवाच्या कोटाचं कापड भराभर कापलं होतं. कापड हैदराबादेहून आणलेलं, लग्न चार दिवसांवर आलेलं. कापून झालं तेव्हा समोरचे दोन्ही पल्ले डाव्या अंगाचे निघाले. उजवा कापायला कापडच उरलं नव्हतं. नवरदेव चुलतभावाचा कोट घालून लग्नाला उभा राहिला, आणि वडिलांनी तोंडातून एक शब्द न काढता ते दोन डावे पल्ले खुंटीला अडकवून ठेवले. वर्षभर ते तिथं लोंबत होते. शिव्या दिल्या असत्या तर परवडलं असतं, असं खाजा मिया आजही म्हणतात.

तर असा हा माणूस. सदऱ्याला खिसा कुठं लावायचा हे ठरवायलाही याला एक दिवस जाऊ द्यावा लागतो. आणि यानंच पोटच्या पोरीचं पुढचं सगळं किती वेळात ठरवलं म्हणाल? संतरामचा फोन चालू होता तेवढ्या वेळात.

महेजबीन ही त्यांची एकुलती एक, लग्नानंतर अकरा वर्षांनी झालेली. घरात ही माणसं दखनीत बोलतात, दुकानात मराठीत आणि रागावली की दोन्हींत. आपण आपलं मराठीतच सांगू. पोरगी बापाच्या वळणावर गेलेली. लहानपणी तिला दूध पिणार का चहा असं विचारलं तरी दोन मिनिटं गप्प राहायची. तेवढ्यात दूध उतू जायचं आणि तिची आई अमीरबी कपाळाला हात लावायची. ईदेला बांगड्या घ्यायला नेली तर बांगडीवाल्याच्या बाकड्यावर तासभर बसायची, पण एकदा घेतलेल्या बांगड्या तिनं कधी बदलून मागितल्या नाहीत. शाळेत हात सगळ्यांत शेवटी वर करायची आणि उत्तर बराबर सांगायची. अमीरबी वैतागायची, पण खाजा मिया मनातून खूश असायचे. "खडूवाली हाय माझी पोरगी," असं ते गिऱ्हाइकांना सांगत.

दहावीला तिला त्र्याण्णव टक्के पडले. गावात मुलींमध्ये पहिली. निकाल दुपारी एकला लागला आणि दोनच्या आत खाजा मियांच्या दुकानात उभं राहायला जागा उरली नाही. ज्या दुकानात लोक फक्त "झालं का?" विचारायला येत, तिथं आज माणसं पेढे घेऊन येत होती. हेडमास्तर येऊन गेले. सरपंच दारातूनच हात हलवून गेले. खाजा मियांनी गळ्यातली टेप काढून ठेवली, परत घातली, परत काढून ठेवली. आनंद झाला की हातांचं काय करायचं, हे त्यांना कुणी शिकवलंच नव्हतं.

सगळ्यांत जास्त आनंद झाला तो संतरामला. संतराम माणूस लाखातला. याच्या दवाखान्यात जा, त्याच्या मयतीला जा, सगळीकडे आधी हजर. फक्त त्याची एक खोड आहे. कुठलाही आनंद फ्लेक्सवर छापल्याशिवाय त्याला तो आनंद वाटतच नाही. बारसं असो, वाढदिवस असो, कुणाची सोसायटीवर निवड झालेली असो, दुसऱ्या दिवशी बसथांब्यावर फ्लेक्स फडफडणार आणि खाली शुभेच्छुकांत पहिला फोटो संतरामचा. त्यानं महेजबीनचा शाळेतला फोटो हिंगोलीच्या फ्लेक्सवाल्याला धाडलासुद्धा होता, आणि आता दुकानाच्या मधोमध उभा राहून फोन स्पीकरवर टाकून बोलत होता.

"हार्दिक अभिनंदन मोठ्या अक्षरात घे. दहा बाय आठ कर. फोटो मोठा घे, माझा बारका चालंल."

"ते घेतलं, भाऊ," पलीकडून फ्लेक्सवाला म्हणाला. "पण नावाच्या खाली काय टाकू? मोकळं दिसून राहिलं. भावी काय? सकाळपासून तीन भावी इंजिनिअर छापले. तेच ठेवू का?"

दुकानातल्या लोकांना एकदम कंठ फुटला. इंजिनिअर नको, कलेक्टर टाका. कलेक्टर लांबचं काम हाय, डॉक्टर टाका. पोरीच्या जातीला डॉक्टरच बरं. आपल्या गावात लेडीज डॉक्टर हाय का एक तरी? डॉक्टर, डॉक्टर.

महेजबीन दाराशी उभी होती. हातात निकालाचा कागद. तिच्याकडं कुणाचं लक्ष नव्हतं, म्हणून तिला दोनदा म्हणावं लागलं. "अब्बा, चार दिवस थांबता येईल का? मी अजून ठरवलं न्हाई."

हे ऐकलं ते फक्त खाजा मियांनी आणि संतरामनं. संतराम हसला. "अगं माय, उद्या बाजार हाय! बाजाराच्या दिशी न्हाई लागला तर चार दिवसांनी काय कुत्री बघतील व्हय?"

"लवकर सांगा भाऊ," फोनमधून आवाज आला. "मशीन चालू हाय."

सगळे खाजा मियांच्या तोंडाकडं बघायला लागले. त्यांनी पोरीकडं बघितलं. इतकी वर्षं गिऱ्हाइकांना जे ऐकवलं, ते त्यांच्या जिभेवर आलंही होतं. पण समोर हेडमास्तरांचे पेढे होते, भरलेलं दुकान होतं आणि हैदराबादच्या कोटाचा डाग बाळगत तीस वर्षं काढलेला माणूस आज पहिल्यांदा ताठ बसला होता. शिवाय त्यांना वाटलं, फ्लेक्स म्हणजे काय, खडूच. आठ दिवस राहील, वारा फाडून टाकील. पोरगी सावकाश ठरवील तिचं काय ते.

"टाका," खाजा मिया म्हणाले.

दुसऱ्या दिवशी बाजारात कापूस-सोयाबीनच्या गाड्या जिथं वळतात तिथं, खांबाला खांब जोडून, महेजबीन दहा फूट रुंद होऊन लागली. नावाखाली लाल अक्षरं, 'भावी डॉक्टर'. दुपारपर्यंत भाजीवाल्या चंदाबाईंनी तिला पायाची सूज दाखवली. "बघ गं माय, तू आता डॉक्टरीण." महेजबीननं खाली बसून सूज बघितली आणि मीठ कमी खा म्हणून सांगितलं, तर चंदाबाईंनी तिला मूठभर कोथिंबीर फुकट दिली. सगळे हसले. तीही हसली. पण घरी येऊन तिनं कोथिंबीर ओट्यावर ठेवली आणि खूप वेळ तिथंच उभी राहिली, हे अमीरबीला आठवतं.

त्यानंतर कुणी काही ठरवलं असं झालंच नाही. फ्लेक्स लागला होता, तेव्हा अकरावीला सायन्स आपोआप आलं. सायन्स आलं तेव्हा नांदेडचा नीटचा क्लास आपोआप आला, क्लास आला म्हणून होस्टेल आलं. तिला कुणी "जायचं का?" असं विचारलं नाही, "कधी निघायचं?" एवढंच विचारलं. फ्लेक्स आठ दिवसांनी खरंच उतरला. संतरामनं तो नीट गुंडाळून अमीरबीच्या हातात दिला. "ठेवा वहिनी, डॉक्टर झाली की हाच पुन्हा लावू." गावातली माणसं मात्र महेजबीनला नावानं हाक मारायची विसरली ती विसरलीच.

दर दुसऱ्या रविवारी खाजा मिया डबा घेऊन नांदेडला जायचे. होस्टेलच्या फाटकाशी बापलेक तासभर बसत. "कसं चाललंय?" "चांगलं." "जेवण?" "चांगलं." तिनं कधी तक्रार केली नाही. त्यांनी कधी खोदून विचारलं नाही. तोंडच्या बोलण्यातलं त्यांना कळतही नव्हतं. त्यांना कळायचं ते टेपचं. ईदेला सलवार-कमीज शिवायला त्यांनी तिचं माप घेतलं तर छातीत दीड इंच कमी, कमरेत दोन. पुढच्या ईदेला खांद्यातसुद्धा अर्धा इंच गेलेला. वाढत्या वयात खांद्याचं हाड काही आटत नाही. पोरगी खांदे आत ओढून उभं राहायला शिकली होती, एवढाच त्याचा अर्थ. हे कळायला खाजा मियांना डॉक्टर व्हावं लागलं नाही. त्यांनी वहीत खरं माप लिहिलं आणि कापड मात्र आधीच्या मापानं कापलं. येईल अंग परत, भरेल, अशा आशेनं. ईदेच्या दिवशी तो कमीज तिच्या अंगावर नुसता लटकत होता. तिनं "छान झालाय अब्बा" म्हटलं तेव्हा त्यांना रडू आलं आणि त्यांनी शेवया नाकातोंडात गेल्याचं निमित्त केलं.

त्या दिवशी विचारायला हवं होतं. हे त्यांनी स्वतःला किती वेळा ऐकवलं असेल त्याला गणती नाही. पण विचारून पुढं काय सांगणार? सोडून दे म्हणायचं, तर गावाला काय तोंड दाखवायचं? चालू ठेव म्हणायचं, तर टेप खोटं बोलत नव्हती. शिवण चुकली तर उसवता येते. उसवायचं काम खाजा मिया डोळे झाकून करतील. इथं कुठं सुई घालून उसवायचं, तेच त्यांना सापडत नव्हतं.

बारावीनंतर पहिल्या खेपेला नीटचे मार्क कमी पडले. संतरामनं धीर दिला, "एका झटक्यात कुणाचं होतं का खाजाभाई? रिपीट करू." करू म्हणाला संतराम, केलं महेजबीननं. आणखी एक वर्ष, तेच होस्टेल, तीच वह्यांची थप्पी. दुसऱ्या खेपेला मार्क पहिल्यापेक्षाही कमी आले. या वेळी दुकानात कुणी आलं नाही. ती एकटी बसमधून उतरली, पिशवी टेबलाखाली सरकवली आणि एका सदऱ्याला काज-बटण करायचं राहिलं होतं ते करायला बसली. खाजा मिया मशीन चालवत राहिले. पुढं शिवायला कापड नव्हतं, तरी चालवत राहिले.

तोवर तो फ्लेक्स ट्रंकेतून बाहेर आला होता. अमीरबी त्याच्यावर गच्चीत मिरच्या वाळवायची, छापलेली बाजू खाली करून. एकदा वाऱ्यानं कोपरा उलटला आणि लाल अक्षरं दिसायला लागली. अमीरबीचा जीव अर्धा झाला. महेजबीननं उठून कोपरा पालथा केला, वर दगड ठेवला आणि परत येऊन बसली.

जुलै लागला तसे खाजा मिया औंढ्याला गेले आणि तिथल्या कॉलेजातून प्रवेशाचा फॉर्म घेऊन आले. नागनाथाच्या देवळाकडं जाणाऱ्या गर्दीतून वाट काढताना त्यांनी मनाशी पक्कं केलं होतं, या वेळी खडू. आल्या आल्या ते आधी संतरामकडं गेले. "संतरामभाऊ, हात जोडतो. शेवटच्या तारखेला आठ दिस हायेत. आठ दिस तिला कुणी काही इचारायचं न्हाई, काही सुचवायचं न्हाई. तुमी बी न्हाई, मी बी न्हाई."

संतरामनं त्यांचे जोडलेले हात धरले. "माझंच चुकलं खाजाभाई. मी फोन लावला नसता तर..."

"फोन तुमी लावला. 'टाका' मी म्हणलो." संतरामनं मान हलवली, आणि आठ दिवस खरंच तो पोरीसमोर तोंड दाबून वावरला, हे त्याचं त्याला किती जड गेलं असेल ते गाव जाणतं.

खाजा मियांनी फॉर्म पोरीला दिला. "कला, वाणिज्य, विज्ञान, काय लिहायचं ते लिही. न्हाई लिहायचं तर न्हाई लिहू. शिवण शिकायची असंल तर तसं सांग. घरी बसायचं असंल तरी सांग. घाई न्हाई, बेटा. सावकाश."

तिनं फॉर्म सातव्या खुंटीला अडकवला. रोज सकाळी ती तो काढून टेबलाच्या कोपऱ्यावर घेऊन बसायची, संध्याकाळी परत अडकवायची. खाजा मिया चोरून बघायचे. पोरगी विचार करते आहे, हे बघून त्यांना बरं वाटायचं. बांगडीवाल्याच्या बाकड्यावर बसलेली सात वर्षांची महेजबीन त्यांना आठवायची. गेलेलं परत येतंय असं वाटून ते मशीनसुद्धा हलक्या पायानं चालवायचे.

आठव्या दिवशी दुपारी, गिऱ्हाईक नसताना, तिनं फॉर्म त्यांच्यासमोर ठेवला. नाव, जन्मतारीख, पत्ता, दहावी, बारावी, सगळं मोत्यासारख्या अक्षरात भरलेलं. मधली एकच ओळ कोरी. 'कोणत्या शाखेत प्रवेश हवा' याच्यापुढची.

"हे राहिलं की, बेटा."

"तुमीच भरा, अब्बा."

"मी न्हाई भरणार. एकदा भरलं ते बास झालं."

"मला सुचून न्हाई राहिलं." ती चिडून म्हणाली असती तरी त्यांना चाललं असतं. दोरा संपला असं सांगावं इतक्या साध्या आवाजात ती सांगत होती. "रोज बसले. कला म्हणलं तरी काही वाटत न्हाई, विज्ञान म्हणलं तरी काही वाटत न्हाई. शिवण म्हणलं तरी तसंच. तुमी काय बी लिहा, मी करते."

आवाज न करता रडायचं कसं, हे खाजा मियांना कधीच जमलं नाही. त्यांनी चष्मा काढून सदऱ्याच्या टोकानं पुसला. मग त्यांना एकदम मार्ग सापडल्यासारखं वाटलं. तिनं मागितलं होतं की! तीन वर्षांपूर्वी, या दाराशी उभं राहून, दोनदा. म्हणजे तिच्या मनात काहीतरी होतंच.

"तवा तू चार दिस मागितले होतेस," ते म्हणाले. "आठवतं ना? तवा तुझ्या मनात जे होतं तेच लिही. काय बिघडलं? अजून उशीर न्हाई झाला. काय होतं तवा मनात?"

महेजबीन गप्प झाली. दूध की चहा विचारल्यावर व्हायची तशी. एक मिनिट गेलं, दोन गेली. रस्त्यावरून परभणीची बस निघून गेली. खाजा मिया श्वास धरून तिच्या तोंडाकडं बघत राहिले. तीन वर्षांत त्यांना इतकी आशा वाटली नव्हती.

"काहीच नव्हतं, अब्बा," ती म्हणाली. "तेच मी त्या चार दिवसांत बघणार होते."

खाजा मियांनी फॉर्म उचलला. सवयीनं हात वर गेला आणि फॉर्म खुंटीला लागला.

"उद्या बघू," ते म्हणाले.

"आज शेवटची तारीख हाय, अब्बा." कॉलेज पाचला बंद होणार होतं, आणि बाहेर संतरामनं औंढ्याला न्यायला गाडी चालू केली होती.